शेडमधून फ्लॅटच्या खोलीत: टेबल सॉ, ट्रॅक सॉ की बँड सॉ?

नाशिकला बंगल्यामागे 18 बाय 12 फुटांची शेड होती. पुण्यात फ्लॅटमध्ये आलो आणि वाट्याला आली 10 बाय 9ची खोली, तीही दिवाळीत पाहुण्यांना द्यायच्या अटीवर. सगळी मशीनं मावणार नव्हतीच. खरा प्रश्न होता तो लाकूड चिरायचं कशावर. बाकीचं त्यामागून ठरतं.

पहिली चूक केली ती मशीनचे पाय मोजण्याची. घडीच्या स्टँडवरचा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड ढकलायचं मशीन, अडीच-तीन फुटांच्या चौकोनात बसतो, म्हणून मी खूश. पण प्लायची 8 बाय 4ची शीट त्यावरून लांबीत चिरायची तर आठ फूट अलीकडे हवेत आणि आठ फूट पलीकडे. म्हणजे मशीन धरून अठरा फूट. माझ्या शेडची लांबी नेमकी तेवढीच होती, म्हणून इतकी वर्षं हे कधी जाणवलंच नाही.

ट्रॅक सॉमध्ये उलटं होतं. शीट जमिनीवर, खाली दोन इंची थर्माकोल, वर ॲल्युमिनियमची पट्टी, आणि मशीन पट्टीवरून सरकतं. शीट पसरून भोवती पाय ठेवण्याइतकी जागा पुरते. काम झालं की पट्ट्या कपाटामागे, मशीन पलंगाखाली. 1400 मिमीच्या दोन पट्ट्या जोडल्या की आठ फुटांचा काप एका दमात होतो. भुसाही या तिघांत याचाच सगळ्यात कमी उडतो, कारण पात्यावर आवरण असतं आणि व्हॅक्यूमची नळी थेट तिथेच लागते. मात्र लाकडाच्या दीड-दोन इंच रुंद पट्ट्या काढायला बसलात तर वैताग येतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीला टेकायला खाली लाकूडच उरत नाही, आणि एकाच मापाचे दहा तुकडे हवे असतील तर दहा वेळा आखणी. टेबल सॉवर फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची सरळ कड, एकदा मापाला लावली की हे दहा मिनिटांचं काम.

म्हणून कपाटं, शेल्फ, ट्रॉल्या असं प्लायचं काम करणाऱ्याने ट्रॅक सॉ घ्यावा, फार विचार न करता. माझं काम सागवानाचं: पाट, चौरंग, छोटी टेबलं. माझ्यासाठी उत्तर वेगळं निघालं.

दहा इंची बँड सॉ, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या लांब पट्टीसारख्या पात्याची करवत, मी आधी खेळणंच समजत होतो. पण त्याचं पातं जेमतेम एक मिलिमीटर लाकूड खातं, टेबल सॉचं सहसा तीनच्या आसपास. एका फळीच्या सहा पट्ट्या काढायच्या म्हणजे पाच काप: इकडे 5 मिमी भुसा, तिकडे 15. घनफुटाच्या भावाने सागवान घेतलेल्या माणसाला हा फरक चांगलाच समजतो. शिवाय जाड फळी उभी चिरून दोन पातळ करता येतात, आणि वळणदार कापही निघतात. टेबल सॉवर वळण शक्यच नाही.

लहान खोलीत मला सर्वांत पटलेली गोष्ट सुरक्षिततेची आहे. टेबल सॉवर लाकूड अडकलं तर ते माणसाच्या दिशेने उसळतं, आणि 10 बाय 9मध्ये बाजूला व्हायला जागा नसते. बँड सॉचं पातं वरून खाली जातं, त्यामुळे लाकूड टेबलावरच दाबलं जातं. बोटांची काळजी दोन्हीकडे तितकीच.

उणिवा आहेतच. काप खरबरीत येतो, रंधा मारावाच लागतो. काम संपल्यावर पात्याचा ताण सैल करायला विसरायचं नाही. दहा इंची म्हटलं तरी पातं आणि चौकटीमधलं अंतर दहा इंचांहून थोडं कमीच भरतं, त्यामुळे रुंद प्लाय विसरा. आणि ओतीव लोखंडाचं टेबल असेल तर पावसाळ्यात चार दिवसांत तांबेरा धरतो. मी मेण चोळून ठेवतो.

आवाजाचाही हिशोब धरा. रहिवासी भागात कायद्याने दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रात्री दहानंतर 45. हे आकडे घरात कुठलंच मशीन पाळत नाही, पण शेजारी आकड्यांवर नाही, कर्कशपणावर भांडतात. इंडक्शन मोटरवरचा बँड सॉ घरघरतो. घडीचा टेबल सॉ आणि ट्रॅक सॉ किंचाळतात. फळी एकसारख्या जाडीची करणारा थिकनेसर या सगळ्यांच्या वरताण, म्हणून तो मी विकलाच. आता फळ्या वखारीतूनच रंधून आणतो, दोन-तीन मिमी जाड ठेवून. खोलीत पंधरा दिवस पडल्या की थोड्या पिळतात, मग हातरंध्याने मापात आणायच्या.

बाकी पटकन सांगतो. आडवे-तिरके काप देणारा मायटर सॉ भिंतीपासून पुढे फार येतो, त्याऐवजी हातकरवत आणि गुण्या. बाकावर बसणारा छोटा ड्रिल प्रेस ठेवा. मोठा डस्ट कलेक्टर काढून व्हॅक्यूमला झाकणाचा सायक्लोन (भुसा व्हॅक्यूमपर्यंत जाण्याआधीच डब्यात पाडणारा) जोडला, मास्क तरीही लावतोच. पाच कामं एकात करणारी कॉम्बो मशीनं कागदावर छान दिसतात, पण वजन आणि दर वेळची जुळवाजुळव पाहता फ्लॅटमध्ये नकोच. यातलं जड मशीन 16 ॲम्पियरच्या सॉकेटलाच लावा, दिवाणखान्यातून ओढलेल्या एक्स्टेंशनला नाही.

टेबल सॉ मात्र माझ्याने विकवला नाही. तो नाशिकला मेहुण्याच्या गोठ्यात झाकून ठेवलाय. वर्षभरात दोनदा चालला, दोन्ही वेळा त्याच्याच कामासाठी.