२८ वरून ३८ चे टायर: दोन महिन्यांनंतर

सायकलची रिम तीच, ६२२ मिमी व्यासाची. फक्त २८ मिमी रुंदीचे टायर काढून ३८ चे बसवले. टायर जितका रुंद तितकाच उंच, त्यामुळे सायकल १० मिमी वर गेली. सिग्नलला पाय टेकवताना लगेच जाणवतं. पकड मात्र फारच सुधारली! हवा आता ८० ऐवजी ५० पीएसआय भरते; टायर जरा दबतो, खडीवर आणि ओल्या वळणावर रस्त्याला बिलगून राहतो. मागे चेनस्टेजवळ (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) जेमतेम ४ मिमी फट उरली. तिथे चिखलातला खडा अडकला नि फ्रेमचा रंग खरवडला गेला, फार वाईट वाटलं. रुंद टायर घेण्याआधी ती जागा मोजाच. वेग दाखवणाऱ्या मीटरमध्ये चाकाचा परीघही बदला, नाहीतर वेग सुमारे ३ टक्के कमी दिसतो. पुढच्या वेळी मी ३५ चे घेईन.