शिकाऱ्यांसाठीचा १२ आठवड्यांचा फिटनेस प्रोग्रॅम: उतारासाठी जरूर घ्या, वजनाचा तक्ता मात्र आपला आपण करा

मी शिकार करत नाही. मी ३डी तिरंदाजी करते, म्हणजे रानात ठेवलेल्या फोमच्या प्राण्यांवर अंतर न सांगता नेम धरायचा. शिवाय वर्षातून एकदा-दोनदा अडथळ्यांची शर्यत पळते. वय ४३, वजन ५८ किलो. हा प्रोग्रॅम मला माझ्या चुलत भावाने सुचवला. तो रॉकी पर्वताच्या भागात राहतो आणि हंगामात परवाना काढून धनुष्याने एल्कची, म्हणजे तिकडच्या एका मोठ्या हरणाची, शिकार करतो. मागच्या वर्षी आम्ही एकत्र शर्यत पळलो तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, चढावर तू मला मागे टाकतेस आणि उतारावर अंग चोरतेस." ते खरंच होतं. चढून कमावलेली मिनिटं मी उतरताना घालवत होते. म्हणून पैसे भरले, सगळे आठवडे पार पाडले, शर्यत पळले आणि त्यानंतर महिनाभर थांबून हे लिहिते आहे.

आठवड्यातून पाच दिवस सराव. दोन दिवस ताकदीचे, एक दिवस पाठीवर ओझं घेऊन लांब चाल, एक दिवस धाप लागलेली असताना नेमबाजी आणि एक दिवस पकड व अडथळे. चौथा आणि आठवा आठवडा हलका. प्रत्येक व्यायामाचा व्हिडिओ आहे, तोही कामापुरता, मिनिट-दीड मिनिटाचा. आपला व्हिडिओ पाठवला की प्रशिक्षक दोन दिवसांत पाहून उत्तर देतात, आणि ते साचेबंद नसतं. माझा डावा गुडघा आत वळतो हे त्यांनी पहिल्याच व्हिडिओत हेरलं.

हा प्रोग्रॅम बाकीच्यांपेक्षा वेगळा का, ते मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. डोंगर चढायचा सराव करणारे बरेच जण सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरतात आणि वर पोचल्यावर पाणी ओतून देतात. उतरताना गुडघ्यांवर भार नको, हा त्यामागचा विचार. मीही तेच करत आले होते. इथे स्पष्ट लिहिलंय: ओतायचं नाही. शिकाऱ्याचं गणित उलटं असतं. जाताना सॅक हलकी असते, जनावर पडलं की परतीच्या वाटेवर ती जड होते. एल्कचं मागचं एक तंगडं हाडासकट तीस किलोच्या आसपास भरतं, आणि अशा तीन-चार खेपा कराव्या लागतात. तोवर दिवसभर चालून पाय दमलेले, बऱ्याचदा अंधार पडलेला आणि वाट उताराची. म्हणजे सगळ्यात मोठं ओझं सगळ्यात दमलेल्या पायांवर येतं. सगळी आखणी या एका गोष्टीभोवती आहे.

म्हणून पहिल्याच आठवड्यापासून उतरण्याचा व्यायाम आहे. २० सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय तीन आकडे मोजत खाली आणायचा, टाच जमिनीला जेमतेम लावायची आणि परत वर यायचं. नियम असा की टाच टेकताना आवाज झाला तर ती आवृत्ती मोजायची नाही. वाचायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी उजव्या पायाच्या १२ पैकी ९ मोजल्या गेल्या, डाव्याच्या ४. शेवटचे दोन सेंटिमीटर पाय सुटायचाच आणि टाच धप्पकन आपटायची. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार धरून ठेवतो, ते काम माझ्या पायांनी कधी केलंच नव्हतं. दोन दिवसांनी खुर्चीवरून उठताना मांड्यांनी त्याची आठवण करून दिली. पण या दुखण्याचा एक चांगला गुण आहे. तेच काम पुन्हा केलं की दुसऱ्या खेपेला दुखणं बरंच कमी होतं, आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. सहाव्या आठवड्यापर्यंत माझी डावी टाचही बिनआवाज टेकायला लागली. घरात कोणी झोपलेलं असताना जिना उतरावा तशी.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे धाप लागलेली असताना नेम. बायथलॉन ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल. स्की करून दमलेला खेळाडू ५० मीटरवरच्या चकत्या टिपतो. आडवा पडून मारताना लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्याने ११५ मिलिमीटरचं, आणि बहुतेक प्रकारांत चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे १५० मीटरचा जादा फेरा. इथलं रूप साधं आहे: धनुष्य स्टँडवर, बाण भात्यात, १० बर्पी (जमिनीवर आडवं होऊन उठायचं आणि उडी मारायची), ओझं घेऊन १०० मीटर, मग रेषेवर येऊन बाण चढवायचा आणि २० सेकंदांत सोडायचा. असे सहा बाण. सुरक्षेचं त्यांनी नीट बजावलंय. रेषेवर उभं राहिल्याशिवाय बाण दोरीला लागणार नाही आणि लक्ष्याच्या बाजूला कुणीही नसेल. हे लिहिल्याबद्दल मला त्यांचं विशेष वाटतं, कारण दमलेल्या माणसाचे हात घाई करतात.

माझं कम्पाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य ४० पाउंडाचं आहे, लेट-ऑफ ८० टक्के. म्हणजे पूर्ण ओढल्यावर हाताला ८ पाउंडच धरावे लागतात. म्हणून मी समजत होते की दमल्याने फार फरक पडणार नाही. पडतो. त्या ८ पाउंडांपर्यंत पोचायला आधी ४० पाउंडांचा उंचवटा ओलांडावा लागतो, आणि ओझं वाहून पाठ थकली की तिथेच खांदा कानाकडे सरकतो. पहिल्या दिवशी साइटची पिन, म्हणजे नेम धरायची खूण, फोमच्या हरणाच्या खांद्यावरून पोटावर आणि पोटावरून परत खांद्यावर अशी येरझारा घालत होती. गुण मधल्या वर्तुळापासून बाहेर ११, १०, ८, ५ असे मिळतात. सहा बाणांत दोन ८, तीन ५ आणि एक साफ बाहेर. त्यांची शिकवण अशी: रेषेच्या दहा पावलं आधीच चाल मंद करायची, ओढण्याआधी दोन लांब उच्छ्वास सोडायचे, तिसरा अर्धा सोडून थांबायचं आणि त्या थांब्यात बाण जाऊ द्यायचा. तीन-चार सेकंदांत गेला नाही तर उतरवून पुन्हा ओढायचं, पिनचा पाठलाग करायचा नाही. अकराव्या आठवड्यात त्याच अंतरावर, तशाच धापेत एक ११, तीन १० आणि दोन ८ आले. माझ्या क्लबमधल्या रविवारच्या सरावात, अगदी ताज्या अंगानेही मी याच्या फार पुढे जात नाही.

आता तक्रार, आणि ती लहान नाही.

ओझ्याचा तक्ता सगळ्यांना एकच आहे. पहिले दोन आठवडे ९ किलो, पुढचे दोन ११, पाचव्यात १२ आणि सहाव्यात एकदम २०. भावाचं वजन ९२ किलो. त्याला २० किलो म्हणजे शरीराच्या वजनाच्या २२ टक्के. मला ते ३४ टक्क्यांहून जास्त. वर आठवडाभरात ८ किलोंची उडी. तक्ता करणाऱ्यांनी विचार केलाच असेल असं समजून मी तो पाळला. सहाव्या आठवड्याच्या चालीनंतर उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार बोटं, एका जागी दुखायला लागलं. फिजिओथेरपिस्टने तिथेच बोट ठेवलं आणि मी पाय ओढून घेतला. तिने सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते. नडगीचा लांब पट्टा दुखत असेल तर भार कमी करून बघता येतं, पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल तर हाडावर ताण आलेला असू शकतो. तेव्हा थांबायचं आणि दाखवून घ्यायचं. माझं वेळेत सापडलं. दोन आठवडे फक्त सायकल आणि वरच्या अंगाचा व्यायाम. १२ आठवड्यांचा प्रोग्रॅम मला १४ आठवडे लागला.

मी भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तंगडं तुझं वजन विचारत नाही, ताई." हा मुद्दा मी बरेच दिवस मनात घोळवला, कारण त्यात तथ्य आहे. अमेरिकेत जंगलातल्या वणव्यांशी लढणाऱ्यांची चाचणी अशीच असते: ४५ पाउंड, म्हणजे २० किलोंहून थोडं जास्त ओझं पाठीवर, ३ मैल सपाट वाट, ४५ मिनिटांच्या आत, पळायचं नाही. तिथेही तुमचं वजन कोणी विचारत नाही, कारण आगीपुढे सामान सगळ्यांचं सारखंच. तेव्हा शेवटचा आकडा एकच असला तर माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं तिथवर जायच्या पायऱ्यांबद्दल आहे. ज्याने हा तक्ता केला त्याने ९० किलोंचा माणूस डोळ्यांपुढे ठेवला आणि पायऱ्याही त्याच्याच मापाच्या बांधल्या. हलक्या अंगाच्या बायका-पुरुषांना त्याच पायऱ्या चढायला लावणं चूक आहे. मी हे प्रशिक्षकांना कळवलं. "सूचना पुढे दिली आहे" असं सौजन्याने उत्तर आलं. मागच्या आठवड्यात पुन्हा पाहिलं, तक्ता तोच आहे.

पकडीचा दिवसही कच्चा आहे. बारला लोंबकळणं, दोन्ही हातांत वजनं घेऊन चालणं आणि दोर चढणं, एवढंच. शिकाऱ्याला तेवढं पुरत असेल. अडथळ्यांच्या शर्यतीत मात्र झोका घेत एका हातावरून दुसऱ्या हातावर जावं लागतं, रिंगा, दोर, आडवे पाइप, सगळं ओल्या हातांनी. ते इथे कुठेच नाही. ज्यांना शर्यतीसाठी हवाय त्यांनी आठवड्यातून एक दिवस मंकी बारवर स्वतःचा घालवावा. आणि हा खेळ आता नुसता चिखलात लोळायचा राहिलेला नाही. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली आहे, २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ती दिसेल. मला याचा मनापासून आनंद आहे.

शर्यत म्हणजे स्पार्टन बीस्ट, २१ किलोमीटर, ३० अडथळे. भालाफेकीला एकच संधी असते, आणि मागच्या वर्षी भाला गवतात गेल्यामुळे अडथळा चुकल्याची शिक्षा म्हणून ३० बर्पी काढल्या होत्या. या वेळी दहा पावलं आधी चाल मंद केली, दोन उच्छ्वास सोडले, तिसऱ्याच्या अर्ध्यावर फेकला. भाला रुतला. पुढे मल्टी-रिगवर, म्हणजे लोंबत्या रिंगा-दोरांच्या अडथळ्यावर, तिसऱ्या रिंगेला बोटं सुटली, म्हणजे बर्पी टळल्या नाहीतच. पण शेवटचा लांब उतार मी आयुष्यात पहिल्यांदा पायांवर विश्वास ठेवून उतरले. दगडगोट्यांवर लहान पावलं, गुडघे किंचित वाकलेले, नजर चार पावलं पुढे. त्या एका उतारावर ११ जणांना मागे टाकलं. मागच्या वर्षीपेक्षा एकूण वेळ ३१ मिनिटांनी कमी. खाली भाऊ वाट बघत उभा होता. काही बोलला नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

घ्यावा का? उतार, ओझं आणि दमात नेम यांसाठी, हो. यातलं काहीही मला दुसरीकडे इतकं नेमकं मिळालं नाही. शिकारीला जाणाऱ्याने तर हंगामाच्या चार महिने आधी सुरू करावा. पूर्वी गुडघा किंवा नडगी दुखावलेल्याने आधी फिजिओला दाखवावं. सॅकमध्ये वाळूची पिशवी टॉवेलात गुंडाळून वरच्या बाजूला, पाठीला चिकटून ठेवावी, नाहीतर वजन तळाशी बसतं आणि खांदे मागे ओढले जातात. कंबरपट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडांवर बसवावा.

आणि ५५-६० किलो वजनाच्यांसाठी हा माझा तक्ता, फिजिओला दाखवून केलेला. सध्या मी यानेच दुसरी फेरी करते आहे. पहिले तीन आठवडे ७, ८, ९ किलो. चौथा हलका, ७. मग १०, ११, १२. आठवा हलका, ९. मग १३, १४, १५, आणि बाराव्यात १५ किलो घेऊन ४.८ किलोमीटरची चाचणी. पहिल्या फेरीत याच चाचणीला मला ४४ मिनिटं २० सेकंद लागली. २० किलो मी त्या दुखण्यानंतर पुन्हा उचललेलं नाही, ते तिसऱ्या फेरीत. ज्या आठवड्यात ठोकळ्यावरून उतरताना टाचेचा आवाज येईल, त्या आठवड्यात ओझं वाढवायचं नाही, मागचाच आकडा ठेवायचा.