ताम्हिणीत रेंज गेली की गाडीचं काय? घाटातल्या वाहतुकीसाठी जीपीएस निवडताना

चाकण, रांजणगाव किंवा मार्केट यार्डातून माल भरून कोकणात गाड्या सोडणाऱ्या मालकाला जीपीएस विकणारा प्रत्येक जण नकाशावर पळणारा ठिपका दाखवतो. द्रुतगती मार्गावर तो ठिपका कुणाचाही नीट पळतो. खरा फरक कळतो ताम्हिणीत, वरंध्यात नाहीतर माळशेजमध्ये. म्हणून तुलना तिथली करायची.

जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. निदान 4 उपग्रह दिसले की डिव्हाइसला आपली जागा कळते. ती जागा तुमच्या स्क्रीनवर पोचवायला मात्र टॉवर लागतो, आणि घाटात बहुतेक वेळा अडतं ते इथेच.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे ड्रायव्हरचा फोन. एक तर अ‍ॅप टाकायचं, नाहीतर त्याच्या संमतीने सिमवरून टॉवरची जागा घ्यायची. एका फेरीपुरत्या भाड्याने घेतलेल्या गाडीला हे पुरतं. पण डोंगरात टॉवर विरळ, त्यामुळे सिमवरची जागा काही किलोमीटरनेही चुकू शकते. शिवाय ड्रायव्हरच्या खासगी फोनवर कायमची नजर ठेवणं मला पटत नाही. ड्युटी संपली की लोकेशन बंद करण्याचा त्याला हक्क आहे.

ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे बिघाड तपासण्यासाठी गाडीत असलेल्या सॉकेटमध्ये, खोचायचं डिव्हाइस बसवायला सोपं, आणि काढायलाही तितकंच सोपं. मालगाडीसाठी मी ते सुचवणार नाही.

स्वतःच्या गाड्या असतील तर वायरिंग करून बसवलेलं डिव्हाइस घ्या. त्यात पहिल्यांदा मेमरी बघा. रेंज नसताना जागेच्या नोंदी साठवून ठेवायच्या आणि टॉवर मिळाला की पाठवायच्या, हे काम सगळी डिव्हाइसं सारखं करत नाहीत. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठीच्या एआयएस-140 या भारतीय मानकात किमान 40,000 नोंदी साठवण्याची अट आहे. दर 10 सेकंदांना एक नोंद धरली तरी हा साठा 4 दिवसांहून जास्त पुरतो. मालगाडीसाठीही हीच पट्टी लावा. दुसरी गोष्ट सिम. एकाच कंपनीचं सिम आणि फक्त 4जी, असं घेऊ नका. दोन कंपन्यांची नेटवर्क पकडणारं आणि 4जी नसेल तिथे 2जीवर उतरणारं डिव्हाइस घाटात जास्त वेळ जोडलेलं राहतं. तिसरी गोष्ट डिव्हाइसच्या आतली बॅटरी. वायर तोडली तरी डिव्हाइस तिच्यावर चालू राहून, रेंज असेल तर त्याच क्षणी, अलर्ट आला पाहिजे.

डिझेल सेन्सरबद्दल थोडं सावध राहा. चढ-उतारावर टाकीतलं डिझेल एका बाजूला जातं आणि आकडा एकदम पडतो. सॉफ्टवेअर ही हालचाल सरासरीत जिरवत नसेल, तर प्रत्येक वळणावर चोरीचा अलर्ट येईल आणि प्रामाणिक ड्रायव्हरवर संशय येईल. लांबट टाकी असेल तर दोन टोकांना दोन सेन्सर लावणं बरं.

राहिला उपग्रहावरून संदेश पाठवणारा पर्याय. टॉवर नसला तरी तो बोलतो, पण महाग पडतो, आणि भारतात असं उपकरण वापरायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. विषुववृत्तावरच्या स्थिर उपग्रहावर चालणारं असेल तर त्याला दक्षिणेचं आकाश मोकळं हवं. उंच कड्याखाली तेही अडतं. लडाखसारख्या मार्गांवर किंवा अतिमौल्यवान मालासाठी याचा विचार करावा. पुणे-माणगाव किंवा भोर-महाड फेऱ्यांना मेमरीवालं डिव्हाइस पुरेसं आहे. तासभर उशिरा का होईना, गाडी कुठे थांबली होती ते मिनिटागणिक कळतं.

एक मात्र खरं: दरड कोसळली किंवा अपघात झाला तर हा उशीर जिवावर बेतू शकतो. त्यामुळे घाटात शिरण्याआधी ड्रायव्हरने फोन करायचा, ठरलेल्या वेळेत खाली उतरल्याचा फोन आला नाही तर ऑफिसमधून पुढच्या गावातल्या ओळखीच्या धाब्यावर किंवा पंपावर विचारायचं, हा जुना रिवाज डिव्हाइस बसवल्यावरही चालू ठेवा.

पैसे देण्याआधी डेमोचं डिव्हाइस मागा आणि पौडमार्गे माणगावला जाणाऱ्या गाडीत लावा, शक्यतो पावसाळ्यात. गाडी परत आली की नकाशावरचा माग उघडा. घाटातली वळणं वळणांसारखी उमटली असतील तर नोंदी जपल्या गेल्यात. मुळशीपासून पायथ्यापर्यंत सरळ रेघ ओढलेली दिसली, तर ते डिव्हाइस परत करा.