मिनी ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप बदलल्यानंतर: ७ महिने, ३१० तास

ट्रॅक्टर २४ एचपी गटातला, तीन सिलिंडरचा. काम द्राक्षबागेचं: ४ फुटी रोटाव्हेटर, ६०० लिटरचा ओढायचा ब्लोअर आणि जॅकवर उचलणारी छोटी ट्रॉली. मीटरवर २,१४० तास झालेले असताना इंजिनच्या बाजूला बसणारा ८ सीसीचा (एका फेरीत ८ घन सेंमी तेल ढकलणारा) गिअर पंप काढून त्याच मापाचा नवा बसवला. जूनमध्ये बसवलेल्या या पंपाने ऑक्टोबर छाटणीचा पूर्ण हंगाम काढला. आज ३१० तासांनंतरही लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) पहिल्या दिवसाइतक्याच वेळात वर येते. पंप चांगलाच आहे, पण तो टिकला तो जुना पंप कशाने मेला हे आधी शोधल्यामुळे. ते न शोधता नवा पंप बसवला की तोही त्याच वाटेने जातो.

लिफ्ट उचलत नाही म्हणजे पंपच गेला, असं धरून चालू नये. रोटाव्हेटर वर उचलून इंजिन बंद करा. अवजार मिनिटाभरात खाली बसलं तर दोष लिफ्ट सिलिंडरच्या पिस्टन सीलमध्ये किंवा लिव्हरने चालणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आहे. वजन धरून ठेवणं हे पंपाचं कामच नाही. इंजिन चालू असताना अवजार दर काही सेकंदांनी आपोआप थोडं खाली-वर होत असेल तर तेही याच गळतीचं लक्षण. अशा ट्रॅक्टरला नवा पंप घालणं म्हणजे पैसे वाया.

दुसरी परीक्षा मोबाइलच्या स्टॉपवॉचवर होते. या ट्रॅक्टरचा लिफ्ट सिलिंडर ७५ मिमी बोअर (आतला व्यास) आणि ११० मिमी स्ट्रोकचा (पिस्टनची धाव), म्हणजे पूर्ण वर यायला जवळपास अर्धा लिटर तेल लागतं. पंप इंजिनच्या गतीने फिरतो, त्यामुळे ८ सीसी गुणिले २,००० आरपीएम म्हणजे मिनिटाला १६ लिटर. हिशोबाने लिफ्ट २ सेकंदांत वर यायला हवी, प्रत्यक्षात अडीच धरा. जुन्या पंपावर सकाळी गार तेलात ३ सेकंद लागायचे आणि दोन तास काम झाल्यावर ७. हा फरक महत्त्वाचा आहे. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या गिअरच्या फटीतून मागे निसटतं. उलट, गार असताना पंप किंचाळतो, लिफ्ट हिसके देते आणि तापल्यावर सुधारते, तेव्हा बहुधा सक्शनची (पंप तेल ओढतो त्या बाजूची) जाळी तुंबलेली असते, कारण घट्ट तेल तिच्यातून ओढलं जात नाही.

तरीही खात्री दाबाच्या गेजनेच होते. २५० बारचं गेज डिलिव्हरी लाइनवर (पंपातून दाबाचं तेल नेणाऱ्या पाइपवर) तीन तोंडांची टी जोडून बसवा. पंपाचं तोंड थेट गेजने बंद करू नका. रिलीफ व्हॉल्व्ह (ठरावीक दाबाला तेल सोडून देणारा) त्याच्या पुढे असतो, त्यामुळे दाब सुटायला वाट राहत नाही आणि पंप किंवा पाइप फुटतो. तेल गरम असताना लिव्हर पूर्ण वर करून दाब ४-५ सेकंदच पाहा. या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत रिलीफ १६० बार दिलेला आहे. आयडलवर (इंजिनच्या सर्वात कमी गतीवर) ७० आणि २,००० आरपीएमला १२० बार मिळाला. आरपीएमबरोबर दाब चढतो आणि तरी पूर्ण होत नाही, म्हणजे तेल कुठेतरी आतून गळतंय. लिफ्ट बंद इंजिनवर स्थिर राहत असल्याने संशय पंपावर आला. दाब आरपीएम वाढवूनही एकाच कमी आकड्यावर अडून राहिला असता तर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग किंवा बैठक आधी उघडली असती.

गळती शोधताना पाइपवरून हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडीत शिरते. जखम ठिपक्याएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखायची वाट न पाहता थेट सर्जन असलेल्या दवाखान्यात जा. पाइप उघडण्याआधी अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून लिव्हर दोन-तीनदा खाली-वर करायचा.

तेल काढताना खरं कारण समोर आलं. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या गिअरकेसचा (हायड्रोलिकचं तेलही यातच असतं) ड्रेन प्लग सकाळी थोडासाच सैल केला, तर तळाला बसलेलं पाणी आधी बाहेर येतं. इथे पाणीही आलं आणि मागून दुधाळ तेलही. दुधाळपणा हवेचा की पाण्याचा हे काचेच्या बरणीत कळतं. फेस तासाभरात विरतो, पाणी मिसळलेलं तेल दुधाळच राहतं. तापलेल्या तव्यावर थेंब टाकला आणि तडतडला तर पाणी नक्की. तेलात चांदीसारखी चमकी दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटली नाही तर ती पंपाच्या ॲल्युमिनियम बॉडीची, चिकटली तर गिअर किंवा बेअरिंगची.

पाणी आलं ते दोन वाटांनी. एक, ब्लोअर धुताना प्रेशरची धार थेट ब्रीदर (गिअरकेसला हवा घेणारं तोंड) आणि डिपस्टिकवर जाते. दुसरी वाट फार कमी लोक लक्षात घेतात: ट्रॉली. ८० मिमी बोअर आणि ८०० मिमी स्ट्रोकचा जॅक सुमारे ४ लिटर तेल घेतो आणि ट्रॉली खाली येताना ते सगळं ट्रॅक्टरमध्ये परत येतं. पावसात गंजलेल्या जॅकचं पाणी, झाकण नसलेल्या कपलरमधली (पाइप जोडायच्या तोंडातली) माती, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं वेगळं तेल, सगळं तुमच्या गिअरकेसमध्ये. शिवाय ट्रॉली वर असताना ४ लिटर तेल कमी असतं. पातळी आधीच कमी असेल तर सक्शन हवा ओढतं.

जुना पंप उघडल्यावर सक्शनच्या बाजूला बॉडीत नख अडकेल एवढी घळ पडलेली होती. गिअर पंपात दाब गिअरना सक्शनकडे ढकलतो, म्हणून झीज तिथेच होते. अशा बॉडीला सील किट घालून उपयोग नाही. किट तेव्हाच घ्या, जेव्हा बॉडी आणि बुशचे (गिअरच्या शाफ्टच्या आधारांचे) तोंड गुळगुळीत असतील आणि फक्त सील कडक झालेलं असेल. किट बसवताना ३ च्या आकड्यासारखं सील ज्या बाजूला होतं त्याच बाजूला गेलं पाहिजे. उघडण्याआधी फोटो काढा. उलटं बसलं तर दाब तयारच होत नाही.

नवा पंप घेताना चार गोष्टी जुन्याशी जुळवा: फिरण्याची दिशा, सीसी, शाफ्टचं टोक आणि फ्लँजच्या बोल्टमधलं अंतर. दिशा शाफ्टकडून पाहून ठरवतात. उलट दिशेचा पंप बसतो, पण शाफ्ट सील पहिल्याच मिनिटात बाहेर फेकतो. जास्त सीसीचा पंप लावायचा मोह टाळा. वजन उचलायची ताकद दाबाने ठरते, सीसीने फक्त वेग वाढतो, आणि सक्शन पाइप जुन्याच मापाचा असल्याने पंप उपाशी राहतो.

बसवताना सक्शनचा रबरी पाइप बदललाच. बाहेरून धड दिसणारा पाइप आतून सोलला जातो आणि गरम झाल्यावर चिमटतो. तार असलेला सक्शन होज घ्या, डिझेलचा पाइप चालत नाही. ओ-रिंग सगळ्या नव्या. टेफ्लॉन टेप आणि सिलिकॉन दोन्ही नको, कारण त्यांचे धागे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. गिअरकेस डिझेलने धुऊ नका, खळग्यांत राहिलेलं डिझेल नवं तेल पातळ करतं. जाळी मात्र काढून डिझेलमध्ये धुऊन हवेने वाळवली. पुस्तिकेतल्या दर्जाचंच ट्रान्समिशन-हायड्रोलिक तेल १८ लिटर भरलं. एम-८ बोल्ट तिरके आळीपाळीने २०-२५ न्यूटन-मीटरला आवळले.

कोरडा पंप कधीच सुरू करायचा नाही. सक्शनच्या तोंडातून तेल ओतत शाफ्ट हाताने फिरवा. स्टॉप नॉब ओढून १० सेकंदांचे दोन स्टार्टर द्या, मग ५ मिनिटं आयडल. अवजाराविना लिफ्ट १५ वेळा खाली-वर केल्यावर पातळी पाहिली, दीड लिटर तेल आणखी लागलं. पहिलं फिल्टर ५० तासांनी बदललं, त्यात थोडी चमकी होती. २५० तासांच्या फिल्टरमध्ये ती नव्हती.

या महिन्यांत वापरात दोनच बदल केले. वाहतुकीत लिव्हर टोकाला न ठेवता एक बोटभर खाली ठेवायचा. टोकाला असताना रिलीफ ओरडत राहतो आणि तेल उगाच तापतं. आणि ट्रॉलीच्या जॅकचं तेल आधी काढून, ट्रॅक्टरमधलंच तेल भरून मग कपलर जोडायचा, झाकणासकट.

आता लक्ष शाफ्ट सीलवर आहे. इंजिनवर बसणाऱ्या पंपात हे सील गेलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, हायड्रोलिक तेल सरळ इंजिनच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून दर आठवड्याला दोन्ही डिपस्टिक एकत्र पाहायच्या. इंजिन तेल वाढतंय आणि मागचं गिअरकेसचं कमी होतंय असं दिसलं की ट्रॅक्टर त्याच जागी बंद करायचा.