कोस्टा रिका, पावसाळा आणि रस्त्यात हात दाखवणारा खाकी शर्ट

सप्टेंबरमध्ये मी, बायको आणि सत्तरीचे बाबा असे तिघं कोस्टा रिकाला गेलो होतो. मे ते नोव्हेंबर हा तिथला पावसाळा. पर्यटनवाले त्याला ‘हिरवा हंगाम’ म्हणतात. हॉटेलं स्वस्त, किनारे मोकळे आणि जंगल असं हिरवंगार की डोळे निवतात. पॅसिफिकच्या बाजूला पाऊस बहुतेक दुपारनंतर कोसळतो, सकाळी उघडीप मिळते. म्हणून लवकर निघायचं, एवढं पथ्य पाळलं की झालं. देश सुंदर आहे, माणसंही मायाळू आहेत. पण याच पावसाची भीती घालून एकाने आमचे १४५ डॉलर लुबाडले, ते सविस्तर सांगतो.

केपोस गावापासून मानुएल आंतोनिओ राष्ट्रीय उद्यान साधारण ७ किलोमीटरवर आहे, रस्ता चढ-उताराचा आणि वळणांचा. सकाळी साडेनऊला उद्यान अजून पुढे असताना एक माणूस थेट रस्त्यात आला आणि त्याने हात आडवा केला. खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर तिवईसकट दुर्बीण. वनखात्याचा माणूस समजून मी गाडी थांबवली.

त्याचं इंग्रजी चांगलं होतं. म्हणाला, रात्रीच्या पावसाने पुढे दरड आलीय, गाड्या इथेच लावायच्या. मग आभाळाकडे बोट दाखवलं. खरंच काळे ढग जमत होते. “दोन तासांत पाऊस येईल, मग गेट बंद करतात. तिकीट इथेच घ्या, आणि गाईड सक्तीचा आहे.” गाडी लावायचे २५ डॉलर, तिकीट आणि गाईड मिळून माणशी ४०. रोख.

गाईडच्या सक्तीवर माझा विश्वास बसला, कारण ते अर्धं खरं होतं. दक्षिणेकडच्या कोर्कोवादो उद्यानात २०१४ पासून परवानाधारक गाईडशिवाय आत सोडत नाहीत. ते मी वाचलं होतं आणि डोक्यात दोन्ही उद्यानांची सरमिसळ झाली होती. मानुएल आंतोनिओत अशी सक्ती नाही, आपलं आपण फिरता येतं.

पैसे मोजताना त्याचं ओळखपत्र माझ्या अगदी समोर होतं. प्लास्टिकच्या पाकिटात पाणी शिरलं होतं आणि फोटोखालची निळी अक्षरं ओघळून पार कडेपर्यंत पसरली होती. घरच्या प्रिंटरवर छापलेला कागद भिजला की होतो, तसंच. ते मला स्पष्ट दिसलं, आणि तरी मी नोटा दिल्या. बाबा मागच्या सीटवरून हळूच म्हणाले, “अरे, आधी गेटवर जाऊन विचारू या का?” मी म्हणालो, “बाबा, पाऊस येईल.” हे वाक्य अजून मला टोचतं.

त्याने आम्हाला पावती दिली आणि सांगितलं, “चालत पुढे जा, माझा सहकारी गेटवर भेटेल.” बाबांना घेऊन ओल्या रस्त्याने वीस मिनिटं चाललो. दरड कुठेच नव्हती. गाड्या आमच्या बाजूने सरळ पुढे जात होत्या. गेटवर सहकारी नव्हता. पहारेकऱ्याने पावती पाहिली, मान हलवली आणि पासपोर्ट मागितले. तेव्हा कळलं की तिथे गेटवर तिकीट मिळतच नाही. राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या ‘सिनाक’ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक टाकून, वेळ निवडून ते आधी काढायचं असतं. परदेशी प्रौढाला कर धरून सुमारे १८ डॉलर. आमच्या पावतीवर ना नाव होतं, ना क्रमांक.

बायकोने एका टपरीच्या पत्र्याखाली उभं राहून फोनवर नवी तिकिटं काढली. गर्दीचा हंगाम नव्हता म्हणून त्याच दिवसाची मिळाली, नाहीतर तेही शक्य नव्हतं. आत जाईपर्यंत साडेअकरा वाजले. पांढऱ्या तोंडाची माकडं दिसली, एक स्लॉथही दिसला, पण दीडला पाऊस कोसळला आणि समुद्रापर्यंत पोचणं राहून गेलं. बाबांना तोच किनारा बघायचा होता.

परत आलो तर गाडी सुखरूप होती, तो माणूस मात्र गायब. पर्यटक पोलिसांकडे तक्रार नोंदवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. खऱ्या गाईडकडे पर्यटन मंडळाचं, म्हणजे ‘आयसीटी’चं ओळखपत्र असतं, ते हातात घेऊन वाचा, एवढं त्यांनी बजावलं.

तुम्ही जाणार असाल तर अशा हातवाऱ्यांवर गाडी थांबवू नका, सरळ गेटपर्यंत जा. तिकीट आदल्या रात्रीच काढा. मंगळवारी हे उद्यान बंद असतं, तेव्हा त्या दिवशी कोणी तिकीट विकायला आला तर तो नक्की लबाड. पर्यटक कमी असतात तेव्हा हे लोक जी गाडी दिसेल तिच्यावर तुटून पडतात, आणि “आता पाऊस येईल” ही त्यांची सगळ्यात हुकमी थाप. हंगाम मात्र टाळू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅरिबियन किनाऱ्यावर, काउइता, पुएर्तो व्हिएहोकडे, उलट पाऊस कमी असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातून निघताना त्याच वळणावर तोच खाकी शर्ट दिसला. समोर एक पांढरी गाडी थांबली होती, आत एक म्हातारं जोडपं. मी हॉर्न वाजवला, काच खाली करून ती पावती बाहेर हलवली, ओरडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काच वर केली.