वर्षावनातले प्राणी हस्तकलेतून: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय बाद झालं

चार ते सात वर्षांच्या मुलांकडून काही महिने या हस्तकला करून घेतल्यावर एक निकष पक्का झाला. वस्तू बनवतानाची कृतीच प्राण्याबद्दल काही सांगत असेल, तर ती ठेवायची. नाहीतर तो नुसता वेळ घालवण्याचा उद्योग. कागदी प्लेटवर ठिपके काढून केलेला जॅग्वारचा मुखवटा याच कारणाने बाद होणार होता. पण ठिपक्यांच्या गोल कड्याच्या आत आणखी एक-दोन ठिपके काढायला लावले की तो तरतो. जॅग्वारच्या अंगावरच्या कड्यांत असे ठिपके असतात, बिबट्याच्या कड्यांत सहसा नसतात.

सगळ्यात उजवा ठरला टूकन, म्हणजे भल्यामोठ्या चोचीचा पक्षी. टिश्यू रोलची नळी काळी रंगवून उभी करायची. कार्डशीटचा 12 × 8 सेंमीचा तुकडा लांबीत दुमडून चोचीच्या आकारात कापायचा आणि फक्त कडा चिकटवायच्या, म्हणजे आत पोकळी राहते. चोचीच्या मागे 1 सेंमीची पट्टी सोडून नळीला दिलेल्या चिरेत सरकवायची. नुसती गोंदाने टेकवलेली चोच थोड्याच दिवसांत खाली झुकते, कारण सगळा भार कागदाच्या एका कडेवर येतो.

आता खरी गंमत. तेवढीच चोच मातीची करून त्याच नळीत खोचायला द्यायची. पक्षी नाकावर आपटतो. एवढी मोठी चोच घेऊन टूकन उडतो कसा, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. टोको टूकनची चोच सुमारे 20 सेंमी असते, पण बाहेर केराटिनचं (आपली नखं ज्याची असतात त्याचं) पातळ कवच आणि आत हाडाच्या बारीक काड्यांची पोकळ जाळी, म्हणून ती हलकी. पायांना पाइप क्लीनर (लव असलेल्या मऊ तारा) वापरायचे: दोन बोटं पुढे, दोन मागे. मुलं हमखास तीन पुढे, एक मागे करतात. तो पाय चिमणीचा.

स्लॉथला, म्हणजे फांदीला उलट्या लटकणाऱ्या संथ प्राण्याला, वेळ लागतो, पण तोही ठेवण्यासारखा. आडव्या नळीला लोकरीचे 3 सेंमीचे तुकडे चिकटवायचे आणि 2 सेंमी रुंद पट्ट्यांचे हातपाय करून फांदीला अडकवायचे. दोन बोटांचा असो वा तीन बोटांचा, मागच्या पायाला नख्या तीनच. फरक फक्त पुढच्या पायांत. लोकर झडते, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच. गोंद सगळ्या नळीवर एकदम फासला जातो आणि शेवटच्या भागापर्यंत पोचेस्तोवर त्यावर साय धरते. तळहाताएवढ्या भागातच गोंद लावावा. पट्ट्या वळवताना मोडत असतील तर कागद आडवा-उभा हलकेच वाकवून बघावा. ज्या बाजूने सहज वळतो तीच दिशा धरून कापावं. हात फार मागे लावले की डोकं खाली लोंबतं. शेवटी स्पंजने हिरव्या रंगाचे ठसे, कारण स्लॉथच्या केसांत खरोखरच शेवाळ वाढतं.

निळ्या पंखांचं मॉर्फो फुलपाखरू सोपं आहे. घडी घातलेल्या कार्डशीटच्या एका अर्ध्यावर रंग लावून दाबायचं, वाळल्यावर उलट बाजू तपकिरी करून बोटाने डोळ्यांसारखे ठिपके द्यायचे. फुलपाखरू पंख मिटून बसलं की हीच बाजू दिसते. दोन्ही बाजू रंगवण्याचा वरकड फायदा असा की पंख वाकडे होत नाहीत. एकच बाजू रंगवली तर पोस्टर कलर वाळताना आक्रसतो आणि कागद त्या बाजूला ओढतो. निळा रंग मात्र मठ्ठ दिसतो. मॉर्फोचा निळा हा रंगद्रव्याचा नाहीच, खवल्यांच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे. अॅल्युमिनियम फॉइलवर निळा जिलेटीन कागद लावून चकाकी येते, पण कारण वेगळं. ते समजावायला जुनी सीडी तिरकी धरून दाखवणं जास्त प्रामाणिक.

लाल डोळ्यांच्या झाडबेडकाला डोळ्यांवर हिरवी झडप हवी. बंद झडप म्हणजे दिवसा पानाला चिकटून लपलेला बेडूक. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच. बुबुळ हलणारे तयार गुगली डोळे मात्र टाळा: ते गळतात, आणि तीन वर्षांखालचं भावंड जवळपास असेल तर घशात अडकण्याची भीती. टिश्यू रोलच्या नळीतून जे आरपार पडतं, ते लहानग्याच्या हाती द्यायचं नाही.

सगळे प्राणी एकाच पुठ्ठ्यावर लावायला गेलं की गोंधळ होतो. ओरांगउटान बोर्निओ-सुमात्राचा, टूकन मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. शेजारी बसवले की चुकीचंच डोक्यात बसतं. त्यामुळे ॲमेझॉनचा पुठ्ठा वेगळा. त्यावर चार पट्टे: सगळ्यांत उंच झाडं, छत, खालची झुडपं, जमीन. जमिनीचा पट्टा मुलांना उजळ हिरवा हवा असतो, पण तिथे ऊन जेमतेम पोचतं, तो गडदच ठेवावा. पानं कापणाऱ्या मुंग्यांची रांग जमिनीवरून झाडापर्यंत न्यावी आणि पानाचे तुकडे बुरशीच्या कागदी गोळ्याजवळ संपवावेत. वारुळात त्या पानांवर बुरशी वाढवतात आणि ती खातात. प्राणी गोंदाने न लावता कपड्यांच्या चिमट्यांनी लावले तर मुलं ते रोज हलवतात, आणि स्लॉथ जमिनीवर आला की "हा इथे कशाला उतरला?" हा प्रश्न विचारता येतो. तीन बोटांचा स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदा शी करायला उतरतो. हे उत्तर कुठलंच मूल विसरत नाही.