युनिकोडची आवृत्ती पक्की करून काम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मराठी मजकुराची अक्षरं मोजणाऱ्या कोडसाठी युनिकोडचा (जगभरच्या लिपींतल्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकाचा) डेटा कायम सर्वांत नवी आवृत्ती देणाऱ्या 'लेटेस्ट' फोल्डरमधून उचलणं बंद केलं आणि 15.1.0 ही आवृत्ती पक्की केली. आठ महिन्यांनंतरचं मत: पद्धत बरोबर आहे, पण नुसतं फोल्डर बदलून भागत नाही.

'लेटेस्ट'मधला धोका 'महाराष्ट्र' या एका शब्दात दिसतो. कोडपॉइंट, म्हणजे क्रमांक मिळालेली सुटी चिन्हं (काना, हलंतही वेगळे), 10. आवृत्ती 15.0 च्या नियमांनी अक्षरं 6, कारण हलंतानंतर तुकडा पडतो: म, हा, रा, ष्, ट्, र. 2023 च्या 15.1 मध्ये जीबी9सी हा, अक्षर कुठे तोडू नये ते सांगणारा नियम आला, देवनागरी जोडाक्षर अखंड धरलं जाऊ लागलं आणि तीच मोजणी 4 झाली. 'स्त्री' तर 3 वरून 1 वर. सर्व्हर एका आवृत्तीवर आणि ब्राउझर दुसऱ्यावर असला, की एकीकडे मर्यादेत बसलेलं नाव दुसरीकडे नाकारलं जातं.

फाइली 15.1.0 च्याच फोल्डरमधून घ्या आणि चेकसमसकट (फाइल बदललेली नाही हे ताडण्याचा आकडा) रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवा. अक्षरं तोडण्याचे नियम असलेल्या युनिकोडच्या परिशिष्ट 29 चा दुवा देताना रिव्हिजन 43 लिहा. बिनआकड्याचा दुवा कायम ताज्या प्रकाशित आवृत्तीकडे नेतो. सगळ्यात फसवी चूक इथे होते: ग्राफीम-ब्रेक-प्रॉपर्टीची (अक्षर कुठे तुटतं त्याच्या गुणधर्मांची) फाइल नवी घेतली, पण जीबी9सीला लागणारा इन-सीबी (जोडाक्षरात चिन्हाचं काम काय ते सांगणारा) गुणधर्म डिराइव्ह्ड-कोअर-प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये असतो, ती राहून गेली. कोड चालतो, एररही येत नाही, जोडाक्षरं मात्र तुटतच राहतात. त्याच आवृत्तीची ग्राफीम-ब्रेक-टेस्ट फाइल प्रत्येक बिल्डमध्ये (कोड बांधून तयार करताना) चालवली तरच हे पकडलं जातं.

प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीचाही विचार करा. पायथन 3.12 मध्ये 15.0 चा डेटा आहे, 3.13 मध्ये 15.1 चा, बिल्डच्या सुरुवातीलाच तो आकडा तपासा. त्याच पायथनमध्ये 3.2.0 चा डेटाही वेगळा जपलेला आहे, कारण डोमेन नावांचा 2003 चा नियम त्या आवृत्तीला बांधलेला आहे. आवृत्ती जपण्याचं याहून चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. ब्राउझरचा इंटल-सेगमेंटर (मजकुराची अक्षरं पाडणारी सोय) मात्र आपल्या हातात नाही, म्हणून अंतिम मोजणी सर्व्हरवरच करा. जुन्या मोजण्या डेटाबेसमध्ये असतील तर शेजारी आवृत्तीचा आकडाही साठवा.

स्थैर्याची एक किंमतही मोजावी लागते. ॲ हे अक्षर 2008 मध्ये, 5.1 ला आलं. त्याला विघटन (सुट्या चिन्हांत फोड) दिलेलं नाही, आणि नॉर्मलायझेशनच्या (एकच अक्षर लिहिण्याचे वेगळे प्रकार एकरूप करण्याच्या) स्थैर्यधोरणामुळे पुढेही देता येणार नाही. त्यामुळे अ आणि चंद्र वेगवेगळे टाइप केलेला 'अॅप' एनएफसी (नॉर्मलायझेशनचा एक प्रकार) केल्यावरही 'ॲप'शी जुळत नाही. ही जोडी शोधाआधी स्वतःच्या तक्त्याने बदलून घ्यावी लागते.